नथूशेठचं भोकाभोकाचं इरलं

एका जंगलात, मुलांनो, पावसाळा आपणहून संपत नसे. तो जाहीर करून संपवावा लागे. दसऱ्याला सहल समितीचे अध्यक्ष अस्वलराव वडाखाली उभे राहत आणि म्हणत, "संपला!" की झालं. मग ज्यानं त्यानं आपापलं इरलं मोडून चुलीत घालायचं. इरलं म्हणजे बांबूच्या कामट्यांचं, पळसाच्या पानांनी शाकारलेलं, डोक्यापासून पाठीपर्यंत झाकणारं आच्छादन. संपलेल्या पावसाचं सामान घरात ठेवणं हा अध्यक्षांचा अपमान समजत.

त्या जंगलात नथूशेठ साळिंदर यांचं किराणा दुकान होतं. नथूशेठनी इरलं मोडलं नाही. वस्तू चालते तोवर टाकायची नाही, हा दुकानदाराचा स्वभाव. तसं ते जुनं झालं होतं. पाठीवरच्या काट्यांनी त्याला भोकंच भोकं पडली होती. पण नथूशेठनी ते घातलं की एकेका भोकात एकेक काटा घट्ट बसे आणि आत थेंब येत नसे.

पौष लागला. नदीकाठी ज्वारी हुरड्याला आली. समितीची सहल ठरली. आणि मुलांनो, ऐन त्याच आठवड्यात आभाळ फाटलं!

"हा पाऊस नव्हे," चिटणीस कोल्होपंत म्हणाले. "हे जाड धुकं आहे." बोलताना त्यांच्या मिशांतून पागोळ्या गळत होत्या.

हरिणीची नवी शाल वाळत घातली होती, ती चिंब झाली. माकडाचे शेंगदाणे सादळले. मुंगसाचं अंथरूण बिळात तरंगायला लागलं. ससेभाऊ सासुरवाडीला निघाले होते, ते वाटेतच चिखलात असे आपटले की सासूबाईंनी ओळखलंच नाही.

आता पाऊस नाहीच म्हटल्यावर पावसाला शिव्या कशा देणार? आणि कुणाला तरी शिव्या दिल्याशिवाय जीव कसा शांत होणार?

तेवढ्यात गूळ आणायला निघालेले नथूशेठ इरलं घालून समोरून आले. कोरडे ठणठणीत!

"हे बघा!" माकड ओरडलं. "शेठ इरलं घालून हिंडतात, म्हणून हे सगळं होतंय!"

"अहो, पाऊस आला म्हणून मी इरलं घातलं," नथूशेठ म्हणाले.

"म्हणजे पाऊस आला, असं आपलं म्हणणं?" कोल्होपंतांनी गोड आवाजात विचारलं.

सगळे नथूशेठकडे बघायला लागले. हरिणीनं शाल पिळत मान फिरवली.

दुसऱ्या दिवसापासून दुकानाची पायरी कुणी चढेना. नथूशेठ तराजू पुसत बसले. पुसलेला तराजू पुन्हा पुसला.

"माशीसुद्धा येईना हो," शेठच्या बायको साळूवहिनी म्हणाल्या. "देऊन टाका ते इरलं."

"आणि मी भिजू?"

"भिजा! शेठ ओले असले तरी गिऱ्हाईक येतं. दुकान बुडालं तर आपण काय काटे विकायचे?"

सहलीच्या दिवशी नथूशेठनी इरलं समितीपुढे ठेवलं. अस्वलराव गंभीर झाले. "असली वस्तू सुरक्षित ठिकाणी ठेवायला हवी," ते म्हणाले. आणि सगळ्यांत सुरक्षित ठिकाण म्हणून त्यांनी ती स्वतःच्या डोक्यावर ठेवली.

नदीकाठी गोवऱ्यांची आगटी पेटवली, ती फुस्स करून विझली. मंडळी चिखलात बसून कच्चीच कणसं चावायला लागली. "काय कोवळा आहे हुरडा!" "अगदी लोणी!" माकडाची दाढ दुखावली, तरी त्यानं आणखी एक कणीस मागून घेतलं.

अस्वलरावांच्या पाठीवर काही काटे नव्हते. भोकाभोकातून गार पाण्याची धार थेट त्यांच्या पाठीच्या कण्यात उतरत होती. इरलं काढावं, तर ते गळतं म्हणावं लागेल. गळतं म्हणावं, तर पाऊस आला म्हणावं लागेल. ते हसत बसले.

"आत काय प्रसन्न वाटतंय!" ते म्हणाले. दातांवर दात आपटत होते.

नथूशेठना राहवेना. "साहेब, त्या भोकांना..." त्यांनी तोंड उघडलं. साळूवहिनींनी बाजूनं असा काटा टोचला की ते वाक्य आजतागायत पुरं झालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. अस्वलराव तापानं फणफणले होते. कोल्होपंतांनी जाहीर केलं, "अध्यक्ष चिंतनात आहेत. त्यांनी इरलं घातलं आणि धुकं पळालं!"

दुपारी दुकानापुढे ही गर्दी! सगळ्यांत पुढे ससेभाऊ.

"शेठ, एक इरलं द्या. अध्यक्षांसारखं."

नथूशेठचा ऊर भरून आला. त्यांनी ताज्या पानांचं, घट्ट विणीचं, थेंब न गळणारं इरलं पुढे केलं. ससेभाऊंनी ते उजेडात धरलं, उलटंपालटं केलं आणि तोंड वाकडं केलं.

"याला भोकं कुठायत? आम्हाला फसवता होय?"

नथूशेठनी ससेभाऊंकडे बघितलं. मागच्या रांगेकडे बघितलं. मग इरलं घेऊन ते आत गेले, ते जमिनीवर अंथरलं आणि त्यावर पाठ टेकून छान एक लोळण घेतली.

"अस्सं!" ससेभाऊ खूश झाले. आणि भर उन्हात इरलं डोक्यावर घेऊन, घामानं निथळत, ऐटीत सासुरवाडीला गेले.

तात्पर्य : शहाण्या बाळांनो, माल गळका आहे हे गिऱ्हाइकाला सांगून त्याचा अपमान करू नये. अध्यक्षांना तर मुळीच सांगू नये. मुकाट्यानं भिजावं आणि वेळ आली की लोळावं.