ढकलणारा कोण

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. शुद्धलेखन चुकेल, अक्षरही कोंबडीनं उकरल्यासारखं आहे, त्याची माफी असावी. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून शेजारच्या कवडूभाऊंबद्दल वहीतच लिहिते.

कवडूभाऊ प्रत्येक गोष्टीवर संशय घेतात. कोणाची बकरी कोणाच्या वावरात शिरली, तर ते बकरीला दोष देत नाहीत. "ते सोताहून नाई गेली. ढकलणारा कोण, ते पाह्य." सरपंचानं मत बदललं, ढकलणारा कोण? एकदा माझ्या वरणात मीठ जास्त पडलं, तर त्यांनी उठून दाराआड पाहिलं.

हे खूळ त्यांना वादळांवरून लागलं. आमच्यापासून समुद्र कुठल्या कुठे, पण तिकडे वादळ उठलं की भाऊ मोबाइलवर नकाशा पाहत बसतात. रिचार्ज संपला की माझ्याकडे येतात. असे माझे पाचशे रुपये त्यांच्याकडे झाले होते. म्हाताऱ्याला वादळाचं एवढं काय पडलं आहे, हा संशय मग मलाही येऊ लागला.

मी एकदा विचारलं तर त्यांनी कोंबड्या झाकायचं माझं डालं पिल्लांवर पालथं घातलं आणि कोंबडीला बाहेर ठेवलं. "हे डालं म्हणजे जड हवा. वादळाले सोताची अक्कल नसते, बाई. मधात जड हवा बसली असली का त्याले कडेकडेनंच जा लागते." कोंबडी खरंच डाल्याच्या कडेनं फिरत होती. जड हवा लांबवर पसरून बसली, तर वादळ तिच्या खालच्या कडेनं पश्चिमेला सरकतं, आंध्रात शिरतं आणि उरलेला पाऊस आमच्यावर पडतो. ती पूर्वेला हटली, तर तिला वळसा घालून वादळ वर ओडिशाकडे जातं. तेवढ्यात कोंबडीनं भाऊंच्या पायाला चोच मारली. "पाह्य, इले बी कोणीतरी ढकललं."

यंदा वादळ उठलं तेव्हा गावाचं धान कापून शेताच्या बांधीत, बांधाआतल्या तुकड्यात, पडलं होतं. कापलेल्या धानाच्या कडपा आम्ही चार दिवस उन्हात वाळवतो, मग भारे बांधून त्यांचे ढीग, म्हणजे पुंजणं, रचतो. कडपांवर पाऊस पडला तर दाण्याला कोंब फुटतात, ओलं बांधलं तर आतून सडतं. माझं वर्षाचं पोट त्या कडपांत होतं. सगळे भाऊंना विचारायला आले. नकाशावरची नजर न काढता ते पुटपुटले, "इकडंच येऊ दे."

बायका म्हणाल्या, बुढ्याले आपलं धान पाहवत नाई. तिसऱ्या दिवशी वादळ वळलं, ओडिशाकडे गेलं. गाव हसत भारे बांधू लागलं. भाऊ घराबाहेर आले नाहीत. माझा संशय पक्का झाला. पैसे मागायचेच, असं ठरवून मी त्यांच्या घरी गेले.

भाऊ खाटेवर मोबाइल धरून बसले होते. मी तोंड उघडण्याआधीच म्हणाले, "माह्या नंबरावरून उचलत नाई. तुह्या फोनवरून लाव."

नंबर त्यांच्या लेकीचा, कांताचा. भाऊ घुग्घुसला कामाला होते, तेव्हा ती ओडिशाच्या एका ट्रक ड्रायव्हरबरोबर निघून गेली, हे गावाला माहीत होतं. तिचं घर समुद्राकाठी आहे, हे मला तेव्हा कळलं. बापलेक आठ वर्षं बोलले नव्हते.

कुठून धीर आला कोण जाणे, मी विचारलं, "भाऊ, तिले ढकलणारा कोण?"

त्यांनी मोबाइल खाटेवर पालथा ठेवला. "मीच, बाई. तिच्या वाटेत मीच बसून होतो. कडेकडेनं गेली बिचारी."

मी नंबर लावत राहिले. सातव्यांदा कांतानं उचलला. पत्रे उडाले होते, माणसं शाळेत सुखरूप होती. तुझे बाबा इथीच आहेत, एवढं सांगून मी फोन भाऊंच्या हातात दिला. बाहेर येताना ऐकलं, ते विचारत होते, "जेवली का?"

महिन्याभरानं भाऊ माझ्या दारात आले. हातात नोटा होत्या. "पोरीनं पाठवले. शेजारणीचे ठेवू नका म्हणते." मी तशाच घेतल्या, तर म्हणाले, "मोजून घे. उगा संशय नको."

मी मोजल्या. पाचशे पूर्ण होते.