बिनझाकणाचा डबा

प्रशिक्षणाच्या पहिल्याच तासाला ‘नाही’ या शब्दावर बंदी आली.

जेवणाचे डबे बनवणाऱ्या कारखान्यातले सात विभागप्रमुख दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात गोल करून बसले होते. टेबलं भिंतीला लावली होती, कारण टेबलांमुळे म्हणे विचारांना कोपरे येतात. मध्ये उभा होता तो प्रशिक्षक तिशीतला. पायात पांढरे बूट, कानाशी माइक आणि हातात पितळी घंटी. ‘नवकल्पना आणि डिझाइन थिंकिंग’ असं दोन दिवसांचं शिबिर घ्यायला मोठ्या साहेबांनी त्याला खास बोलावलं होतं.

“नाही, नको, पण, जमणार नाही, हे सगळे शब्द आजपासून वर्ज्य,” तो म्हणाला. “समोरच्यानं कसलीही कल्पना मांडू दे. आपण ‘हो, आणि...’ म्हणायचं आणि तिच्यात आपली भर घालायची. ज्याच्या तोंडून नकार निघेल त्यानं ही टोपी घालायची. दुसरा कुणी चुकेपर्यंत टोपी डोक्यावर आणि कुलूप तोंडाला.”

टोपी लाल, कागदी आणि टोकदार होती. शेंड्याला गोंडा होता.

“ही पोरांच्या वाढदिवसाची आहे का हो?” हिशेबवाल्यांनी विचारलं.

“नाही,” प्रशिक्षक म्हणाला आणि जीभ चावून त्यानं स्वतःच घंटी वाजवली. टोपी घातली आणि लगेच काढलीही. बुवाच मुके झाले तर निरूपण कोण करणार?

नमनालाच असं घडाभर तेल गेल्यावर तो मूळ विषयाकडे वळला. “चला, आता सांगा. आपल्या ग्राहकाचं दुःख काय?”

या प्रश्नाची वाट एक बाई चार वर्षं पाहत होत्या. तक्रार विभागाच्या त्या प्रमुख. सगळा कारखाना त्यांना तक्रारबाईच म्हणे. त्या मांडीवरची जाडजूड वही घेऊन उभ्या राहिल्या.

“झाकण गळतं,” त्या म्हणाल्या. “दोनशे सत्तर पत्रं आली आहेत. ही एका शिक्षिकेची तक्रार ऐका. भाजीचा रस्सा पिशवीत सांडला आणि तपासलेल्या पेपरांवर पसरला. नापास मुलांनी तुमच्या कंपनीचे आभार मानले आहेत, असं लिहिलंय तिनं. झाकणातली रबरी रिंग पूर्वी जाड होती. ती बारीक केल्यापासून हे सुरू झालं. रिंग जाड करा, की—”

“बाई, ती रिंग मी बारीक केली ती विचारपूर्वक,” खरेदीसाहेब म्हणाले. खरेदी विभागाचे हे प्रमुख बोलताना नेहमी छताकडे पाहत, म्हणजे ऐकणाऱ्याचा चेहरा दिसायचा नाही. “ग्राहकच डबा आडवा धरतात.”

प्रशिक्षकानं दोघांच्या मध्ये येऊन वही हळूच मिटली. “वही म्हणजे भूतकाळ. आणि ‘तक्रार’ हा शब्द फार जड आहे. आपण ‘ग्राहकाची इच्छा’ म्हणू. रिंगबिंग सोडा, मॅडम. मोठा विचार करा. वेडा विचार करा!”

चार वर्षांची वही चार सेकंदांत मिटली गेली, तेव्हा बाईंचं डोकं फिरलं. “मग झाकणच काढून टाका की! ना झाकण, ना गळती!”

प्रशिक्षकाचे डोळे अक्षरशः पाणावले.

“हो,” तो कुजबुजला. “हो, आणि...?”

“हो, आणि रबरी रिंग विकतच घ्यायला नको,” खरेदीसाहेब पहिल्यांदाच छत सोडून खाली पाहत म्हणाले.

“हो, आणि झाकणाचा अख्खा विभाग बंद. जागाच जागा!” उत्पादनप्रमुख म्हणाले.

“हो, आणि डबा उघडण्यात ग्राहकाचा वेळ जाणार नाही,” विक्रीप्रमुखांनी भर घातली. ‘नाही’ ऐकून प्रशिक्षकाचा हात घंटीकडे गेला, पण कल्पनेच्या मोहानं तो मागे आला.

“हो, आणि जेवणाचा वास चारचौघांत दरवळेल. फुकटची जाहिरात!” हिशेबवाले म्हणाले.

“अहो, मी रागानं म्हटलं!” तक्रारबाई ओरडल्या. “असं कुणी करतं का? नाही म्हणजे, पण—”

घंटी दोनदा वाजली. टोपी आली. बाई तोंड मिटून खाली बसल्या आणि गोंडा त्यांच्या कपाळावर लोंबू लागला.

मग कामाला भरतीच आली. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चढल्या. उत्पादनप्रमुखांनी एका खऱ्या डब्याचं झाकण काढलं आणि पाच जणांनी मिळून त्याला ‘नमुना’ असं नाव दिलं. विक्रीप्रमुख तो रिकामा डबा हातात घेऊन सभागृहाला तीन फेऱ्या मारून आले. काहीही सांडलं नाही, म्हणून चाचणी यशस्वी झाली. इतक्या घडामोडींत दुसरं कुणी चुकलं नाही, कारण आता प्रत्येकाला सगळंच पटत होतं.

चार वाजता मोठे साहेब आले. त्यांनी डबा उलटासुलटा करून पाहिला.

“झाकण कुठाय?”

“तेच तर, सर!” प्रशिक्षक म्हणाला. “जग डबे झाकत बसलंय. आपण मोकळे करतोय!”

मोठे साहेब तीन वर्षं नवकल्पनेच्या शोधात होते. कुठल्याही सभेत गेलं की दुसऱ्या कारखान्यांचे मालक ‘तुमच्याकडे नवीन काय?’ विचारत आणि साहेब कॅलेंडर दाखवून वेळ मारून नेत. त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. “कल्पना कुणाची?”

सहा बोटं एका लाल टोपीकडे वळली.

“तक्रारबाई, तुम्ही? मला वाटायचं तुम्ही नुसतं रडगाणं गाता!” साहेबांनी टोपीसकट त्यांचं कौतुक केलं. “उद्या दुपारी मी जाहीर करतो. एक तारखेपासून झाकण विभाग बंद.”

झाकण विभागात चाळीस बायका कामाला होत्या. त्यांच्या देखरेखीला जी होती ती तक्रारबाईंची सख्खी धाकटी जाऊ.

संध्याकाळी बाई घरी पोचल्या तेव्हा धाकटी स्वयंपाकघरात कणीक मळत होती. मळत कसली, बदडत होती.

“ताई, ऐकलंत का? आमचा विभाग बंद करतायत. कुणा दीडशहाण्यानं म्हणे झाकणंच काढायला सांगितली. सापडू दे मला तो!”

बाईंनी पर्स ठेवली, पाणी प्यायलं आणि खुर्चीत बसून म्हणाल्या, “सापडला.”

कणकेवरची मूठ थांबली.

“अगं, रागात निघून गेलं तोंडातून.”

“रागात? मी रोज रागात म्हणते, घर सोडून जाते म्हणून. कुणी माझी बॅग भरून देतं का? तुमच्या त्या शिबिरात शहाणं माणूस एकही नव्हतं?”

“शहाणपणालाच बंदी आहे तिथे. नाही म्हटलं की टोपी, आणि टोपी घातली की गप्प. उद्या साहेबांच्या पाया पडून सांगते, की—”

“काय सांगाल? नाही म्हणून? म्हणजे पुन्हा टोपी!” धाकटी हात पुसत समोर येऊन बसली. तिचा राग तिच्या कणकेसारखा होता, बदडला की मऊ व्हायचा. “ताई, सोळा वर्षं झाली मला या घरात. सासूबाईंना मी एकदा तरी ‘नाही’ म्हटलंय?”

“नाही बाई.”

“आणि त्यांच्या मनासारखं एकदा तरी केलंय?”

बाई विचारात पडल्या.

“त्या म्हणाल्या, खिडकीला जाड पडदे लाव. मी म्हटलं, हो आई, लावते, आणि तुमची पोथी वाचायला दिवा लावून देते, आणि दिव्याची उष्णता नको म्हणून तुमची खुर्ची आतल्या खोलीत नेते. तिसऱ्या वाक्याला त्याच म्हणाल्या, राहू दे मेले ते पडदे!” धाकटीनं आतल्या खोलीकडे एक नजर टाकून आवाज खाली घेतला. “चांगला कीर्तनकार कुठल्या कुठे गोष्ट नेतो, पण परत मूळ पदावर आणून सोडतो की नाही? माझ्या चाळीस बायका त्या पदावर बसल्यात, ताई. आणून सोडा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई टोपी घालूनच चहाच्या टेबलाशी उभ्या राहिल्या. खरेदीसाहेब दिवसाला एकच कप चहा घेतात आणि तो संपला आहे, हे बाईंनी पाहून ठेवलं होतं. दुसरा कप भरून त्यांनी तो निमूटपणे त्यांच्यापुढे धरला.

“नको, आत्ताच झाला,” खरेदीसाहेब छताला म्हणाले.

घंटी! टोपीनं डोकं बदललं आणि तक्रारबाईंची जीभ सुटली.

दुपारी मोठे साहेब घोषणेचा कागद आणि पांढरीशुभ्र पँट घेऊन आले, म्हणजे कागद हातात आणि पँट अंगावर.

“साहेब, सही करण्यापूर्वी एक विनंती,” बाई म्हणाल्या. “हो, डबा उघडाच हवा. आणि तो पहिल्यांदा तुमच्याच हातून चालावा.”

“हो, आणि त्यात सूप असावं!” प्रशिक्षक टाळ्या पिटत म्हणाला. त्यानं हे उत्साहानं म्हटलं. बाईंना एवढीच भर हवी होती. कँटीनमधून टोमॅटोचं गरम सूप आलं.

भरलेला डबा हातात घेऊन साहेब निघाले. पहिली दहा पावलं राजासारखी पडली. अकराव्या पावलाला सतरंजीची कड आली. सूप आधी काठाशी आलं, मग काठावर, मग पँटवर.

“नाही नाही नाही नाही!” साहेब ओरडले.

दीड दिवसाच्या सवयीनं प्रशिक्षकाच्या हातून घंटी चार वेळा वाजली.

प्रशिक्षकानं घंटी खिशात घातली. तिथेही ती एकदा किणकिणली. साहेबांनी पँटकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे. कुणीही काही बोलेना, कारण जे बोलावंसं वाटत होतं त्याला बंदी होती.

“हो, साहेब,” बाई रुमाल पुढे करत शांतपणे म्हणाल्या, “आणि या उघड्या डब्याच्या वर, समजा, एक आवरण असलं तर?”

“आवरण?” साहेबांनी डोकं वर केलं.

“काढता-घालता येण्याजोगं. गोल. डब्याच्याच मापाचं.”

“हो!” प्रशिक्षक बुडता बुडता काडी सापडल्यासारखा ओरडला. “हो, आणि ते फिरवून घट्ट बसेल!”

“हो, आणि आतून त्याला रबराची रिंग,” बाई म्हणाल्या. “जाड.”

लाल टोपीखाली खरेदीसाहेब उभे राहिले. त्यांनी दोन्ही हात हलवले, बोटांनी बारीक-बारीक अशा खुणा केल्या. गोंडा घड्याळाच्या लंबकासारखा हलत होता.

“पाहा, त्यांनाही राहवेना,” बाई म्हणाल्या. “नेमकी जाडी दाखवतायत.”

साहेब येरझाऱ्या घालू लागले. सूप आता त्यांच्या बुटात पोचलं होतं, पण डोक्यात त्याहून मोठं काही पोचलं होतं. “विलक्षण आहे हे. असं कुणी केलंय का आधी?”

सहा जणांनी एकमेकांकडे पाहिलं. उत्पादनप्रमुखांचे ओठ किंचित हलले, पण टोपी त्यांना अजिबात शोभली नसती.

“याला नाव द्या. ‘सुरक्षा-छत्र’!” प्रशिक्षकानं चिठ्ठीवर लिहिलं आणि ती भिंतीच्या सगळ्यात वर चिकटवली.

“पण बनवणार कोण? यासाठी नवा विभाग लागेल, कसबी माणसं लागतील,” साहेब म्हणाले. घंटी खिशातच राहिली.

“हो, साहेब. आणि एक तारखेपासून चाळीस बायका मोकळ्याच होतायत. हात चांगला आहे त्यांचा. देखरेखीला एकजण आहे, तिच्याकडून जाड रिंग बारीक होणं शक्य नाही. तेवढा दर्जा मी घरी रोज बघते.”

एक तारखेला झाकण विभागाची पाटी उतरली आणि त्याच खिळ्यावर सुरक्षा-छत्र विभागाची चढली. बायका त्याच जागी बसल्या, तेच यंत्र फिरू लागलं आणि रिंग जाड झाली. प्रशिक्षक ही कथा इतर कारखान्यांत सांगत हिंडू लागला. खरेदीसाहेबांच्या खोलीत ‘रिंगची जाडी सुचवल्याबद्दल’ असं प्रशस्तिपत्र लागलं. आता ते प्रशस्तिपत्र नजरेला पडू नये म्हणून खरेदीसाहेब छताकडे बघतात.

गळती थांबली. एक महिना गेला, दोन गेले, तक्रारीचं एकही पत्र आलं नाही. तिसऱ्या महिन्यात साहेबांनी बाईंना बोलावलं.

“अभिनंदन, बाई. तक्रारी शून्य! आता मला सांगा, तक्रारच नाही तर तक्रार विभाग ठेवू कशाला?”

चार वर्षं बाई ज्यासाठी भांडल्या त्यानंच घात केला. घरी येऊन त्या पर्स मांडीवर घेऊन तशाच बसून राहिल्या. धाकटीनं त्यांच्या ताटात एक पोळी जास्त वाढली.

आठवड्यानं पत्र आलं. एका निवृत्त पोस्टमास्तरांचं. बाईंनी ते धावतच साहेबांकडे नेलं.

“साहेब, तक्रार आली!”

साहेबांनी चष्मा लावून वाचलं:

‘आपला डबा गळत नाही, हे खरे. पण छत्र इतके घट्ट बसते की मला ते उघडत नाही. मी एकटा राहतो. नाइलाजाने शेजाऱ्यांकडे जावे लागले. कुंपणाच्या वादावरून आम्ही अकरा वर्षे बोलत नव्हतो. आता ते रोज बारा वाजता डबा उघडायला येतात आणि आम्ही दोघेही त्यातच जेवतो. ही तक्रार नोंदवून घ्यावी. मात्र कृपा करून दुरुस्ती करू नये.’

साहेबांनी चष्मा काढून पुसला. काच स्वच्छच होती.

“आता या माणसाचं करायचं काय?”

“काही करायचं नाही, साहेब. उत्तर लिहायचं,” तक्रारबाई म्हणाल्या. “आणि असल्या पत्राला उत्तर लिहायला एक अख्खा विभाग लागतो.”