हंडा रिकामा द्यायचा नाही

चिंधीचं लग्न परवावर आलं होतं, अंगणात चुलाणं खणून तयार होती, आणि त्यांच्यावर चढवायला भांडं मात्र एकही नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या घरी असं झालं असतं तर सगळं गाव हळहळलं असतं. पण चिंधी पडली कोंडाजीची लेक, आणि कोंडाजी म्हणजे गावच्या भांडी मंडळाचा कारभारी! त्यामुळे गाव हळहळत नव्हतं, नुसतं इकडेतिकडे बघत होतं.

हे मंडळ कोंडाजीनेच उभं केलं होतं. लढाईपायी तांब्यापितळेचे भाव आभाळाला भिडले, तेव्हा कर्जतच्या बाजारात हंड्याला हात लावून लोक रिकामेच परतू लागले. मग सगळ्यांनी वर्गणी काढून हंडे, तपेली, पराती घेतल्या आणि मारुतीच्या देवळामागच्या खोलीत ठेवल्या. लग्न असो, बारसं असो, ज्याला लागेल त्याने न्यावं आणि घासून परत आणावं. कोंडाजीने किल्ली कमरेला लावली, आणि त्या दिवसापासून त्याची चालच बदलली.

कारभार छान चालला होता. पण एकदा बुधाजीने तपेलं परत आणलं, ते आत नारळ ठेवून. उसनं भांडं रिकामं परत देऊ नये, ही रीत घराघरात होतीच. बुधाजीने ती मंडळालाही लावली. कोंडाजी हरखला. त्याने नारळ फोडून देवळात वाटला आणि भर सभेत बुधाजीची पाठ थोपटली. "याला म्हनायचं रीतभात!"

पुढच्या माणसाने गुळाची ढेप आणली. त्याच्या पुढच्याने भोपळा. आलेलं सगळं कोंडाजी देवळात वाटून टाकी, कणभरही घरी नेत नसे, त्यामुळे बोलायला जागा नव्हती. फक्त एक खोड त्याला लागली. भांडं घेऊन कुणी दारात आला की तो आधी भांड्यात बघायचा आणि मग माणसाच्या तोंडाकडे. अशात एका म्हाताऱ्याने मोठा हंडा परत आणला, तो तळाला मूठभर तांदूळ टाकून. कोंडाजी हसून म्हणाला, "हंडा केवढा, मूठ केवढी!"

सगळे हसले. कोंडाजी ते बोलून विसरलाही, पण गाव विसरलं नाही.

सुगीच्या दिवसांत काही बिघडलं नाही, कणग्या भरलेल्या होत्या. वैशाख लागला, कणग्यांचे तळ दिसू लागले, आणि भांडी देवळातून जात ती परत येईनाशी झाली. कुणी आजारी पडे, कुणी पाहुण्यांकडे गेलेला असे, कुणी म्हणे, "घासायची राह्यलीत, उद्या आनतो." सगळ्यांचा 'उद्या' एकच होता आणि तो काही उजाडत नव्हता. कोंडाजीला वाटलं, भांडी विकली यांनी!

"लोधिवलीचं वऱ्हाड यील ते काय केळीच्या पानावर भात शिजवनार?" तो घरात येरझाऱ्या घालत ओरडला. "मंडळाचा कारभारी मी, अन् माज्याच लेकीच्या लग्नात पंगत उपाशी! तोंड दाखवायला जागा ऱ्हायची नाय."

"वरडू नका. नामाकडं जाऊन या, मोठा हंडा त्याच्याकडंच हाय," त्याची बायको जयवंता शांतपणे म्हणाली.

नामाच्या ओटीवर त्याची बायको बायजा सूप घेऊन बसली होती. सुपात धान्य नव्हतं, तरी ती पाखडत होती.

"नामा कुठं हाय गं?"

"त्ये खालापूरला गेलंत, दादा."

"आन् हंडा?"

बायजाने नको तेव्हा मागे बघितलं. कोंडाजी तडक आत शिरला. कोपऱ्यात हंडा होता, चकचकीत घासलेला, वर परात झाकलेली. कोंडाजीचा जीव भांड्यात पडला. त्याने परात उचलली, आणि आतून नामाचं डोकं वर आलं. नामा गावात सगळ्यांत किरकोळ अंगाचा, गुडघे हनुवटीला लावून मजेत मावला होता.

"नाम्या! ह्यो काय परकार?"

"राम राम, दादा," नामा आतूनच म्हणाला.

"भायेर ये आदी! मंडळाचा हंडा काय लपायला दिलाय तुला?"

"मंग काय करू? रोज माणूस धाडतोस. ह्यो एवढा हंडा, त्यात टाकू काय? घरात पायलीभर तांदूळ नायत. मूठभर घालून आनला तर तू देवळात हसशील, अन् रिकामा आनला तर बायजा म्हनते, जीव दीन पन रिकामा हंडा न्हेऊ देनार नाय!"

"मंजी... विकला नाय?"

"इकतोय कशाला? रोज घासतोय! समद्यांच्या घरी त्येच चाललंय, दादा. भांडी लखलखाय लागलीत, पन दारातून भायेर निघंनात."

कोंडाजीने हातातली परात खाली ठेवली. आपल्या एका हसण्याने गावची सगळी भांडी घरोघर अडकून पडली, हे ध्यानात आलं आणि त्याला मनापासून लाज वाटली. "आरं, तसंच दे की. मी कारभारी सांगतोय, रिकामा दे!"

"नाय म्हंजी नाय!" बायजा दारातून ओरडली. "तुमच्याच लेकीच्या लग्नात रिकामा हंडा? अपशकुन करू व्हय?"

कोंडाजी हात हलवत घरी आला आणि त्याने सगळं सांगितलं. जयवंता पदर तोंडाला लावून हसली. बायकांना हे केव्हाचं ठाऊक होतं, कारभाऱ्याला सांगणार कोण!

"एवढंच ना? आपल्या लग्नाचे तांदूळ, डाळ, गूळ घरोघर धाडा," ती म्हणाली. "म्हनावं, तुमच्या घरात जे भांडं असंल त्यातच शिजवा अन् मांडवात घिऊन या. भरल्या भांड्याला कोन नाय म्हनतंय?"

लग्नाच्या दिवशी दुपारी जे झालं ते पाहून लोधिवलीचं वऱ्हाड थक्क झालं. वाजंत्री थांबली तोच चारी बाजूंनी भांडी येऊ लागली. बुधाजीचं तपेलं वरणाने भरलेलं, कुणाची कढई भाजीने, कुणाची परात लापशीने. शेवटी बांबूला अडकवलेला मोठा हंडा चौघांच्या खांद्यावरून आला, भाताने काठोकाठ, आणि पुढे नामा नवरदेवापेक्षा ताठ चालत होता. कोंडाजी सवयीने वाकून आत बघणार होता, पण जयवंताने त्याचा सदरा मागून ओढला. पंगती उठल्या, व्याही ढेकर देत म्हणाला, "आख्खं गाव रांधतं, असं लगीन मी नाय बघितलं!" कोंडाजीच्या डोळ्यांत पाणी आलं.

चिंधी सासरी गेली. दुसऱ्या दिवशी सगळी भांडी घासूनपुसून कोंडाजीच्या अंगणात पालथी पडली होती. आता ती देवळात पोचवायची. आणि तेव्हा कोंडाजीच्या लक्षात आलं की शेवटचं लग्न आपल्या घरचं, म्हणजे भांडी परत करणारे आपण. त्याने कणगीत डोकावून पाहिलं. लग्नाने कणगी झाडून नेली होती.

संध्याकाळी नामा आला. "दादा, भांडी देवळात कवा यायची? बुधाजीकडं बारसं हाय."

"उद्या आनतो," कोंडाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही तो तेच म्हणाला. तिसऱ्या दिवशी नामा बुधाजीला घेऊन आला, तेव्हा जयवंता ओटीवर सूप घेऊन बसली होती.

"वयनी, दादा कुठं हाय?"

"त्ये कर्जतला गेलंत," ती म्हणाली, पण तिला हसू आवरेना. अंगणात मोठा हंडा उभा होता आणि त्यावर परात. कोंडाजीचं अंग नामासारखं नव्हतं. परात हंड्यावर नीट बसली नव्हती, मुंडाशावर तिरकी टेकली होती.

नामाने बुधाजीला खूण केली. दोघांनी आणखी दोघांना हाक मारली, कड्यांतून बांबू घातला, आणि कण्हत हंडा खांद्यावर उचलला.

"आरं, आरं! खाली ठेवा, मी हाय आत!" हंडा ओरडला.

"ठावं हाय, दादा. रिकामा न्हेला आसता तर तू हसला आसतास की!"

वाटेत पोरं गोळा झाली, बायका दारात आल्या. देवळापाशी हंडा खाली टेकला तेव्हा निम्मं गाव जमलं होतं. नामाने परात बाजूला केली, आधी आत बघितलं आणि मग सगळ्यांच्या तोंडाकडे.

"हंडा केवढा," तो म्हणाला, "अन् कारभारी केवढा!"

सगळ्यांत मोठ्याने हसला तो हंड्यातला माणूस. पण त्याला बाहेर काढायला चौघे लागले. किल्ली अजून त्याच्याच कमरेला आहे, पण तेव्हापासून कुणीही भांडं घेऊन आलं की कोंडाजी देवळाच्या कळसाकडे बघत राहतो.