वर बघणारा घड

फोटोफ्रेमचं दुकान चालवणाऱ्या फ्रेमवाल्यांनी आयुष्यात दुसरं काही केलं नसेल, पण जे लटकवायचं ते नीट लटकवलं. कुणाच्याही घरी गेले, की चहा येण्याआधी उठून तिथला फोटो सरळ करायचे. (लोक आधीच फोटो सरळ करून ठेवायला लागले होते, म्हणजे चहा तरी गरम पिऊन होईल.) अशा माणसाच्या हाती बायको आपली केळ सोपवून तीन आठवडे बाहेरगावी गेली, इथेच सगळं चुकलं.

केळ साधीसुधी नव्हती. बोटीवर नोकरी केलेल्या एका गृहस्थांनी लांबच्या बेटावरून आणलेलं रोप बायकोनं मागून घेतलं, मागच्या दाराशी लावलं आणि सव्वा वर्ष त्याचे लाड केले. घड धरायची वेळ आली होती आणि बागप्रेमी मंडळाची स्पर्धाही. पाच वर्षं बायकोचा दुसरा नंबर येत होता. यंदा पहिला नंबर हवाच होता. नेमकं तेव्हाच बहिणीचं बाळंतपण आलं.

"अहो, फक्त पाणी घाला. डोकं चालवू नका," ती निघताना म्हणाली. केळीचं वेगळेपण तिनं त्यांना चारदा सांगितलं होतं. चारही वेळा फ्रेमवाले "हं" म्हणाले होते.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी प्रेमानं खताची दुप्पट मात्रा घातली. चौथ्या दिवशी घड बाहेर पडला आणि त्यांनी कपाळाला हात लावला. घड खाली वाकायचं नावच घेईना! सरळ आभाळाकडे! मेलो, खत बाधलं!

संध्याकाळी फोन आला.

"घड आला का हो?"

"आला, आला."

"कसा आहे?"

"मजेत आहे."

"अहो, पाहुणा आहे का तो? दिसतो कसा?"

"अगं, आधी बाळ कसं आहे ते सांग!"

फोन ठेवला आणि फ्रेमवाले कामाला लागले. दुकानातली जाड तार आणली, दांड्याला लागू नये म्हणून खाली मऊ कापड गुंडाळलं आणि तारेला हातोडी टांगली. तीन दिवसांनी इस्त्री. मग एक वीट, मग दोन. रोज सकाळी ओळंबा लावून बघायचे. अठराव्या दिवशी घड ओळंब्याला समांतर लटकला, तेव्हा त्यांनी त्याला "शाब्बास!" म्हटलं.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी बायको आली आणि बॅग हातात तशीच धरून मागच्या दारी गेली.

"हे काय?"

"सरळ केला!" फ्रेमवाले फुशारून म्हणाले. "पार उलटा आला होता गं. तुला काळजी नको म्हणून बोललो नाही."

बायको पायरीवर मटकन बसली. "अहो, या जातीचा घड वरच बघतो! तेवढ्यासाठीच तर लावली होती!"

आणि तिचे डोळे भरून आले. तिचा राग फ्रेमवाल्यांना तोंडपाठ होता, पण हे झेपेना. त्यापेक्षा तिनं बदडलं असतं तर बरं झालं असतं.

सकाळी विटा काढल्या, घड हलला नाही. बांबू लावले, ते घसरले. दोरी बांधली, ती दिसायला लागली. शेवटी फ्रेमवाले अंगाला गोणपाट गुंडाळून वाळक्या पानांत शिरले आणि दोन्ही हातांनी घड डोक्यावर उचलून धरला.

"किती वेळ?" त्यांनी विचारलं.

"परीक्षकबाई जाईपर्यंत. हलायचं नाही."

घरोघरी बागा बघत आलेल्या परीक्षकबाई जाड चष्म्याच्या, जिथे तिथे वाकून बघणाऱ्या. त्यांनी घडाच्या फण्या मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. फ्रेमवाल्यांच्या बाहीतून या जातीचा जांभळा चीक काखेपर्यंत आला, एक मुंगी कानात डोकावून गेली. "वा, काय ताठ आहे!" म्हणत बाईंनी कागदावर खूप काही लिहिलं.

दुपारी निकाल लागला. पहिला नंबर! बायको नाचायचीच बाकी राहिली. नवऱ्याच्या खांद्यांना तेल चोळता चोळता तिनं परीक्षकबाईंचा शेरा मोठ्यानं वाचला:

"घड अप्रतिम. टेकू मात्र डळमळीत आहे आणि त्याला घामही फार येतो. बदलावा."

फ्रेमवाल्यांचा चेहरा उतरला. "बदलतेस की काय?"

बायकोनं तेलाचा हात क्षणभर थांबवला, त्यांना वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि मायेनं म्हणाली, "बदलला असता हो. पण जुना घेणार कोण?"