वहिनींच्या वजनाचं विश्वस्त मंडळ

माणसाच्या मालकीच्या सगळ्या गोष्टींत वजन ही एकच गोष्ट अशी आहे, की जी वाहायची एकट्याने आणि जिची काळजी वाहायची साऱ्या जगाने. एखाद्याला पगार विचारणं असभ्यपणा, वय विचारणं आगाऊपणा; पण "काय हो, बरंच वाढलंय की!" हे दुकानाच्या रांगेतला परका माणूसही बिनदिक्कत म्हणू शकतो, आणि त्याला आपुलकी म्हणतात.

आमच्या वहिनींच्या वाट्याला ही आपुलकी अमाप आली. वहिनी म्हणजे दादाची बायको. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवतात. वर्ग तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांना दम लागायचा. शिक्षिकेने जिन्यात धापा टाकत उभं राहणं बरं दिसत नाही, म्हणून त्या तिथे लावलेली सूचना वाचत उभ्या राहायच्या. सूचना होती, आग लागल्यास काय करावे. ती इतक्या एकाग्रतेने वाचणारी शिक्षिका शाळेच्या इतिहासात झाली नव्हती. मुख्याध्यापिकांनी हे हेरलं आणि वहिनींना अग्निसुरक्षा समितीचं प्रमुख केलं. (आपल्याकडे पदं अशीच मिळतात, त्यामुळे यात कुणाला वावगं वाटलं नाही.)

पुढे शाळेने आगीची रंगीत तालीम ठरवली. नियम असा, की समितीप्रमुखाने सगळे मजले तपासून सर्वांत शेवटी बाहेर पडायचं. घंटा झाली. मुली रांगेने मैदानात आल्या, शिक्षक आले, शिपाई आला. मुख्याध्यापिकांचं अभिनंदनपर भाषण झालं, टाळ्या झाल्या, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की समितीप्रमुख अजून आगीतच आहेत. वहिनी जिन्यात सापडल्या. भिंतीला टेकून बसलेल्या, ओठ पांढरे, तोंडातून शब्द फुटत नव्हता. अहवालात लिहिलं गेलं, "तालीम यशस्वी. समितीप्रमुख वगळता सर्वजण सुखरूप."

त्याच संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती बैठक भरली. विषय एकच: वजन कमी करण्यासाठी डॉक्टरकडे जावे किंवा कसे. हजर होते दादा, आई, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी आणि अशा प्रसंगी बोलावण्याआधी येणारी आमची ताई, शेजारच्या काकू आणि सचिव या नात्याने मी. वहिनीही होत्या, पण त्या चर्चेचा विषय असल्यामुळे त्यांना मत नव्हतं.

"डॉक्टर काय वेगळं सांगणार?" दादाने सुरुवात केली. "कमी खा आणि चाला. ते तर आपण सगळे सांगतोच आहोत."

"आणि प्रेमानं सांगतो," काकू म्हणाल्या.

हा मुद्दा बिनतोड होता. वर्षभरात वहिनींना मिळालेल्या सल्ल्यांची मी स्थूलमानाने (हा शब्द टाळायला हवा होता) पाहणी केली आहे. सल्ला देणाऱ्यांपैकी निम्मे वहिनींहून जाड होते, पाव हिश्श्याला स्वतःचं वजन ठाऊक नव्हतं, आणि उरलेले जन्मतःच काटकुळे असून त्याचं श्रेय स्वतःच्या शिस्तीला देत होते. गरम पाणी प्या. पाणी मुळीच पिऊ नका. रात्री जेवू नका, रात्रीच जेवा. शाळेतल्या गणिताच्या बाईंनी तर रोज एक चपाती कमी केल्यास होणाऱ्या घटीचं गणित मांडून दिलं होतं. त्याप्रमाणे वहिनी पुढच्या काही वर्षांत पूर्णपणे नाहीशा व्हायला हव्या होत्या.

"अगं, खरी गोष्ट इच्छाशक्तीची असते," दादा म्हणाला. "औषधानं वजन उतरवणं म्हणजे कॉपी करून पास होण्यासारखं आहे." एवढं बोलून त्याने रक्तदाबाची गोळी घेतली, कारण तिची वेळ झाली होती.

"आमच्या वेळी कुणी गेलं होतं का डॉक्टरकडे?" आई म्हणाली. आईची औषधं एका डब्यात मावत नाहीत म्हणून अलीकडेच दुसरा आणला आहे. पण तिचे ते आजार आहेत. आजार माणसाला होतात. वजन मात्र माणूस स्वतः करतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

"अहो," वहिनी इतक्या वेळात पहिल्यांदा बोलल्या, "जरा चष्मा काढा."

"का?"

"काढा तर. आणि समोरच्या कॅलेंडरवरची तारीख इच्छाशक्तीनं वाचून दाखवा."

दादाने चष्मा काढला नाही. ताईने विषयाला धरून बोलण्याची सूचना केली, आणि ती मान्य झाली.

शेवटी एक तोडगा निघाला, आणि आमच्या कुटुंबाच्या समजूतदारपणाचा मला आजही अभिमान वाटतो. वहिनींनी डॉक्टरकडे जरूर जावं, पण आधी घरच्या घरी थोडं वजन उतरवून जावं. एवढं वजन घेऊन एकदम डॉक्टरसमोर उभं राहायचं म्हणजे घराण्याची लाज जाते. शिवाय, मोलकरीण येण्याआधी घर झाडून ठेवावं, ही रीत आहेच.

वहिनींनी सहा महिने उकडलेल्या भाज्या खाल्ल्या आणि त्यांचं पाणी प्यायलं. त्या जेवायला बसल्या की सगळं टेबल त्यांच्या ताटाकडे बघायचं, त्यामुळे त्या ओट्याशी उभ्या राहून जेवू लागल्या. पहाटे चालायला जायच्या, तेव्हा काकू गच्चीतून हात करून प्रोत्साहन द्यायच्या. (काकू स्वतः गुडघ्यांमुळे गच्चीतून प्रोत्साहनच देऊ शकतात.) पहिल्या दोन महिन्यांत तीन किलो उतरले. पुढच्या चार महिन्यांत चार किलो चढले. निव्वळ प्रगती एक किलो, फक्त दिशा चुकली.

"चोरून खात असेल," ताई मला म्हणाली. वहिनी दाराशीच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. चहाचे कप उचलले आणि आत गेल्या. बऱ्याच वेळाने मी पाणी प्यायला गेलो, तर नळ चालू होता, कप तसेच होते, आणि त्या ओट्याला दोन्ही हातांनी धरून नुसत्या उभ्या होत्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "मला भूक लागत नाही हो. मला फक्त थकवा येतो. हे तुमच्या बैठकीत कुठे बसतं का?"

मी विचार केला. बसत नव्हतं. तसं मी प्रामाणिकपणे सांगितलं.

त्या आठवड्यात जगाचा नवा नकाशा आणायला जाते म्हणून वहिनी घराबाहेर पडल्या, आणि दवाखान्यात गेल्या. एका सुशिक्षित, मिळवत्या बाईला स्वतःच्या शरीरासाठी जगाच्या नकाशाची सबब सांगावी लागली, यावरून घरातलं वातावरण किती जिव्हाळ्याचं होतं हे लक्षात यावं.

तिथे काय झालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, दमलेल्या, टेबलावर अर्धा प्यालेला गार चहा. वहिनींनी बसल्या बसल्या सगळे आरोप कबूल करायला सुरुवात केली. खाण्यावर ताबा नाही, चालण्यात खंड पडतो, इच्छाशक्ती कमी. बाईंनी हात वर करून थांबवलं.

"ते राहू द्या. झोप कशी आहे? पाळी? थंडी जास्त वाजते का? केस गळतात? जिन्यात दम कधीपासून लागतो?"

वहिनी उत्तरं देत गेल्या. मध्येच बाईंनी विचारलं, "हे तुम्हाला याआधी कुणी विचारलं नाही?"

"विचारलं कुणीच नाही," वहिनी म्हणाल्या. "सांगितलं मात्र सगळ्यांनी." आणि त्यांना रडू आलं. बाईंनी चहाची कपबशी बाजूला केली आणि त्यांचं रडून होईपर्यंत थांबल्या.

तपासण्यांत निघालं ते असं: थायरॉईडची ग्रंथी कधीपासून ढेपाळलेली, आणि अंगात रक्त फार कमी. उकडलेल्या भाज्यांच्या पाण्याने त्यात मोलाची भर घातली होती. "वजनाचंही बघू," बाई म्हणाल्या. "त्यासाठीही उपचार आहेत, लागले तर देऊ. पण आधी तुम्हाला जिना चढता आला पाहिजे."

घरी कळल्यावर दुःखाची छाया पसरली. "मला न विचारता?" दादा म्हणाला आणि एक वेळ जेवला नाही. (वजन जसंच्या तसं राहिलं.) आईला काळजी पडली, की सून औषध घेते हे लोकांना कळलं तर लोक काय म्हणतील. काकूंना गच्चीतून केलेल्या श्रमांचं वाईट वाटलं.

काही महिने गेले. वहिनी तिसऱ्या मजल्यावर न थांबता जाऊ लागल्या. ओठांना रंग आला. टेबलाशी बसून जेवू लागल्या, आणि कुणी ताटाकडे पाहिलं तर त्याच्या ताटाकडे पाहू लागल्या. एकदा मुलींबरोबर सहलीला जाऊन टेकडी चढून आल्या, आणि घरी येऊन इतक्या मोठ्याने हसल्या की आईने टीव्हीचा आवाज वाढवला.

मंडळाची पुन्हा बैठक झाली. ताईने वहिनींना काट्यावर उभं केलं. चार किलो उतरले होते.

"फक्त चार?" काकू म्हणाल्या. "एवढे तर माझ्या गरम पाण्यानं गेले असते."

उपचार अयशस्वी ठरल्याचा ठराव एकमताने झाला. वहिनींना आता श्वास घेता येतो, हा मुद्दा मी मांडून पाहिला. पण श्वास हा मंडळाच्या कार्यकक्षेत येत नाही, असं निदर्शनास आणून देण्यात आलं. वहिनी बैठकीला नव्हत्याच. त्या मुलींना पोहायला शिकवणाऱ्या बाईंकडे स्वतःचं नाव घालायला गेल्या होत्या.

आता एकच खुलासा उरला. वहिनींचं वजन किती होतं हे मी इथे कुठेही लिहिलेलं नाही. उंचीही सांगितलेली नाही. तरी तुम्ही पहिल्या जिन्यापासूनच मनात एक आकडा धरून बसला आहात, त्या आकड्याला साजेशी बाईही उभी केली आहे, आणि चार किलो हे जरा कमीच झाले, असं तुमचंही मत पडलं आहे. ताईची आता दुसऱ्या गावी बदली होते आहे, त्यामुळे मंडळात एक जागा रिकामी आहे. अर्ज करायची गरज नाही. तुमची निवड झाली आहे.