दिगूची घरटी आणि वेणूचं प्रामाणिक मत

एका जंगलात, बाळांनो, एक तळं होतं. तळ्यावर एक बाभूळ वाकलेली होती आणि त्या बाभळीवर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. मांडी घालून बसा. मधे मधे विचारू नका. गोष्ट प्रेमाची आहे, त्यामुळे ती तुम्हाला कळणार नाही. मोठ्यांनाही कळलेली नाही, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

या पक्ष्यांत रीत अशी की घरटं नर विणतो. तेही आधी अर्धंच विणायचं. मग त्याला उलटं लटकून पंख फडफडवायचे आणि माद्यांना बोलवायचं. मादी येते, आत डोकावते, चोचीनं ओढून बघते. पसंत पडलं तर ती राहते आणि नर उरलेलं घरटं पुरं करतो. नापसंत पडलं तर नर ते सोडून देतो आणि शेजारी नवं सुरू करतो. गवत वाळलं की सगळं बंद. ज्याचं अर्धं, त्याचं अर्धंच लटकत राहतं. मग तो वर्षभर सांगत फिरतो, की मला आधी करिअर करायचं होतं.

या वसाहतीत दिगू नावाचा नर होता आणि वेणू नावाची मादी होती. दोघं शेजारशेजारच्या घरट्यांत वाढले. एकाच फांदीवर उडायला शिकले, आणि उडायला शिकताना एकाच वेळी तळ्यात पडले. तेव्हापासून ते बेस्ट फ्रेंड. कुणी काही विचारलं, की दोघं एका सुरात म्हणत, "आम्ही फक्त मित्र आहोत!" हे ऐकून बेडूकसुद्धा हसत.

दिगूनं पहिलं घरटं विणलं. शेवंती नावाची मादी बघायला आली. वेणू मदतीला हजर होतीच.

"छान आहे हो," शेवंती म्हणाली.

"छान आहे," वेणू म्हणाली, "पण पाहुण्यांपासून लपवायचं कशाला? तोंड पश्चिमेला आहे. दुपारभर ऊन येणार."

शेवंती उडून गेली.

"अगं, तू माझ्या बाजूची आहेस ना?" दिगू म्हणाला.

"म्हणून तर खरं सांगितलं. लग्नानंतर कळलं असतं म्हणजे?"

दिगूला पटलं. वेणूचं त्याला सगळंच पटायचं. हे एक लक्षण आहे, पण कशाचं, ते त्याला ठाऊक नव्हतं.

त्यानं दुसरं घरटं पूर्वेकडे तोंड करून विणलं. दुसरी मादी आली. वेणूनं सांगितलं, की उंबरा अरुंद आहे. त्यानं तिसऱ्याचा उंबरा रुंद केला. मग वेणू म्हणाली, आत चिखल कमी आहे, रात्री उजेडासाठी काजवे खोवणार कशात? तिसरी मादी अंधारात राहायच्या भीतीनं पळाली. दिगू निमूटपणे चिखल आणायला गेला.

तुम्ही म्हणाल, वेणू दुष्ट होती. मुळीच नाही. तीसुद्धा स्थळं बघतच होती. आणि जाताना दिगूला घेऊन जात होती, कारण विणकामातलं त्याला कळतं.

"मी जरा बघू?" दिगू नम्रपणे म्हणायचा, आणि एक धागा चोचीत धरून ओढायचा. मग आणखी थोडा ओढायचा. घरमालक ओरडायचा. दिगू ओढतच राहायचा. शेवटी घरटं उसवून पाण्यात पडायचं.

"गाठ कच्ची होती," दिगू म्हणायचा.

"बाई गं! बरं झालं तू होतास," वेणू म्हणायची.

आणि दोघं गिरक्या घेत, गाणी म्हणत घरी यायचे. मोडलेल्या स्थळावरून इतक्या आनंदात परतणारी माणसं मी तरी पाहिलेली नाहीत.

हे सगळं बघायला संध्याकाळी तळ्याच्या काठावर गर्दी होऊ लागली. ससे यायचे, म्हशी यायच्या. सगळ्यांत पुढे कासवआजोबा बसायचे.

"यांना सांगून टाकू का?" ससा कळवळून म्हणायचा.

"खबरदार!" कासवआजोबा म्हणायचे. "आत्ता कुठं रंगतंय. सावकाश होऊ दे."

असं करता करता गवत वाळायला लागलं. वाळक्या गवताला गाठ बसत नाही. आणि तेवढ्यात पलीकडच्या शिंदीच्या झाडावरच्या रंगनाथचं वेणूला बोलावणं आलं. रंगनाथ देखणा होता, सभ्य होता. इथं नाही जमलं तर यंदाचं वर्ष फुकट जाणार, हे वेणूला माहीत होतं. इथं जमलं तर वेणू शिंदीवर राहायला जाणार, हे दिगूला वाटेत कळलं, आणि त्याचे पंख एकदम जड झाले.

दोघांनी घरटं चारी बाजूंनी बघितलं. तोंड पूर्वेला, उंबरा ऐसपैस, चिखल भरपूर. दिगूनं धागा धरला आणि ओढला. गाठ हलली नाही. त्यानं दोन्ही पाय टेकवून ओढला.

"अजून ओढा," रंगनाथ म्हणाला. "संकोच करू नका."

दिगू डोळे मिटून लोंबकळला. गाठ तशीच.

आता एक खोटं बोललं असतं तरी काम झालं असतं. वेणूनं डोळे झाकून विश्वास ठेवला असता. तिनं विश्वास ठेवला असता, म्हणूनच त्याला ते बोलता येईना.

"गाठ पक्की आहे, वेणू," दिगू म्हणाला. "जा आत."

इतकं वाईट त्याला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. काठावर म्हशींनी रवंथ थांबवलं.

वेणू आत गेली. बराच वेळ आतच राहिली. मग बाहेर आली, ती डोळे पुसत.

"काय खोट निघाली?" दिगूनं विचारलं.

"एकही नाही. मग मी बोलू कशाबद्दल आणि कुणाशी? आत बसल्या बसल्या मला रडूच आलं. मला हे घर नको. मला तू हवास, बावळटा!"

दिगू फांदीवरून सुटला आणि थेट पाण्यात पडला. ओलाचिंब वर आला आणि ओरडला, "मलाही तूच! मलाही तूच हवीस! आणि हे मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"अभिनंदन," रंगनाथ म्हणाला. "पण हे घरीच ठरवून आला असतात, तर माझा धागा वाचला असता."

काठावर ससे नाचले, म्हशी हंबरल्या. कासवआजोबा तेवढे रागावले. "ही काय पद्धत झाली?" ते म्हणाले. "अजून एक गैरसमज व्हायला हवा होता. हल्ली कुणाला धीरच नाही."

दिगू धापा टाकत म्हणाला, "वेणू, चल, माझं घरटं बघायला ये. गवत पुरतं वाळायच्या आत उरलेलं विणून टाकतो."

"त्यात बघायचं काय?" वेणू म्हणाली. "पूर्वेचं तोंड मी सांगितलं, उंबरा मी सांगितला, चिखल मी सांगितला. ते माझंच तर घर आहे. त्यात दुसरी कुणी राहायला आली असती ना, तर मी तिला उंबऱ्यावरसुद्धा उभं राहू दिलं नसतं."

तात्पर्य : मित्राशी नेहमी खरं बोलावं. त्यामुळे त्याची सगळी स्थळं मोडतात, आणि शेवटी आपणच तेवढे उरतो.