अकरा माशांचे पट्टे

आरजूनं प्रयोगशाळेचं दार उघडलं आणि आतला लख्ख उजेड पाहून ती तशीच टाकीकडे धावली. टाकीवरचं काळं कापड नीट घडी घालून खुर्चीवर ठेवलं होतं, वर ट्यूब जळत होती आणि टाकीतले अकरा झेब्रा मासे इकडून तिकडे आरामात फिरत होते.

"चतुरामावशी! ही लाइट कुणी लावली?"

कॉलेजातल्या शिपाईबाई चतुराबाई झाडू घेऊनच आल्या. "मीच लावली. कावून, काय झालं?"

"नको म्हणून सांगितलं होतं ना!"

"सांगितलं व्हतं. पर दिवेलागणीला जित्या जिवाला अंधारात ठेवत्यात का गं बाई? लई जीव तुटत व्हता माझा. येका तासानं काय व्हतंय?"

आरजूच्या स्वतःच्या घरी संध्याकाळची मगरिबची अजान व्हायच्या आत आई खोलीखोलीत दिवे लावत फिरायची. तिला भांडायलाही तोंड नव्हतं.

त्या एका तासानं काय होतं ते ऐका. गेवराईच्या या कॉलेजात आरजू तीन वर्षं पीएच.डी. करत होती. माशांच्या अंड्यांत तिनं बारीक सुईनं एक जनुक सोडलं होतं. ते अंधारात झोपून राहणार आणि निळा प्रकाश पडला की जागं होऊन पट्ट्यांमधल्या काळ्या पेशी मारणार. पट्टा पुसला जाणार. साध्या पांढऱ्या ट्यूबमध्येही निळा प्रकाश असतोच, म्हणून हे मासे जन्मापासून काळ्या कापडाखाली वाढले होते आणि लाल दिव्यात खात होते. शेकडो अंड्यांतून जगले अकरा. त्यातला एकही मासा चाचणीसाठी वाया घालवायची तिची छाती झाली नव्हती. शुक्रवारी विद्यापीठाची समिती येणार, तिच्यासमोर माशाच्या फक्त शेपटीवर निळा प्रकाश पाडायचा आणि शनिवारी बिनपट्ट्यांची शेपटी दाखवायची. समितीनं मान डोलावली तर काम पुढे चालू. नाहीतर तीन वर्षं गोदावरीत.

मंगळवारचा तो तास तिनं कसाबसा गिळला. मासे पुन्हा झाकले आणि परत असं होऊ नये म्हणून ट्यूबच काढून कपाटात घातली. केवढा शहाणपणा! बुधवारी झाडायला आलेल्या चतुराबाईंना ट्यूबची जागा रिकामी दिसली. खोलीतली वस्तू गेली की नाव शिपाईबाईचं येतं. त्यांनी घाबरून वायरमन दस्तगीरचाचांना गाठलं, आणि आरजू जेवून येईपर्यंत चाचांनी एकीच्या जागी दोन नव्या ट्यूब बसवल्या. हात पुसायला काळं कापड त्यांना तिथंच मिळालं.

"आता बघ बेटा, सुई पडली तरी दिसंल!" चाचा खुश होते.

आरजू रडायलाच लागली. रडत रडत तिनं दोघांना सगळं समजावून सांगितलं. चतुराबाई पांढऱ्याफटक पडल्या. "म्हंजी माझ्या हातनं..." एवढंच म्हणाल्या आणि त्या दिवशी जेवल्याच नाहीत.

मग आरजूनं पट्ट्यांकडे न बघताच मासे पुन्हा झाकले आणि दारावर पाटी लावली, 'आत उजेड करण्यास सक्त मनाई'. गुरुवारी ती पाटी प्राचार्य मोहनरावांच्या नजरेस पडली.

"आरजू, समितीला हे वाचायला द्यायचं का? काय म्हणतील, हे कॉलेज अंधारात चालतं?"

"सर, माझे मासे..."

"मासे राहू दे गं तुझे. मी बघतो सगळं. तू घरी जा, उद्याचं बोलणं पाठ कर."

प्राचार्यांना नाही म्हणायची सोय नव्हती. ती गेली, आणि तिथंच फसली.

शुक्रवारी सकाळी येऊन बघते तर प्रयोगशाळेचं लग्नघर झालेलं. टाकीला तीन वेढे घालून दिव्यांची माळ बांधली होती. निळी. रात्रभर चालू. काळं कापड पाहुण्यांच्या टेबलावर अंथरलं होतं आणि त्यावर बिस्किटांच्या बशा मांडल्या होत्या.

"चाचा, निळीच का हो?"

"साहेब म्हनले, टाकी लई फिकी दिसती, सजव. मंडपवाल्याकडं लाल बी व्हती, पर ती एका हळदीला गेलती. मी काय करू बेटा, तुजं ऐकू का साहेबाचं?"

आरजू टाकीकडे पाठ करून जमिनीवर बसली. तिला बघवेना. संपलं होतं सगळं, आणि जिन्यावर समितीच्या चपला वाजत होत्या.

"आरजू," चतुराबाईंनी तिचा खांदा हलवला. "येकडाव बघ तरी."

तिनं वळून बघितलं. अकरा मासे. अकराच्या अकरांच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत काळेभोर पट्टे, एकही फिका नाही.

"काय बी झालं न्हाई!" चतुराबाईंनी तिला मिठीच मारली. त्या हसत होत्या, रडत होत्या. "दोन दिस अन्न गोड लागलं न्हाई मला. वाचले गं लेकरं!" चाचांनी दोन्ही हात वर करून अल्लाहचे आभार मानले.

आरजूलाही क्षणभर हायसं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं. एक तास एक ट्यूब, जेवणाच्या सुट्टीत दोन ट्यूब, रात्रभर निळी माळ, आणि तरी पट्टा पुसला जात नाही, म्हणजे यातल्या एकाही माशात ते जनुक नाहीच. कधी नव्हतंच. इतके दिवस ती साधे बाजारातल्यासारखे मासे अंधारात पाळत बसली होती.

"मावशी," ती कशीबशी म्हणाली, "एखादा तरी पट्टा जायला हवा होता हो."

"आसं वंगाळ बोलू न्हाई, पोरी!"

तेवढ्यात मोहनराव समितीच्या अध्यक्ष डॉ. वनमाला यांना घेऊन आत आले. चाचांनी लगबगीनं त्यांच्या कानात आनंदाची बातमी सांगितली. सरांची छाती फुगली. आरजू "सर, नको" म्हणेपर्यंत ते बोलून मोकळे झाले होते.

"मॅडम, आमच्या मुलीचं काम बघा! मंगळवारपासून उजेडाचा मारा चाललाय, काल तर रात्रभर निळा प्रकाश. पण एका माशाच्या केसाला धक्का लागलेला नाही!"

वनमालाबाईंनी चष्मा लावला, वाकून अकरा मासे मोजले, आरजूकडे एकदा बघितलं आणि वही काढून ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं.